शेजारणीच्या नवऱ्याचं नाव

वडील मला उदगीरला सोडायला आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर माझी वळकटी होती आणि माझ्या हातात सामानाची यादी. शाळेतली पहिलीच नोकरी होती. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका घरात पुढची खोली रिकामी आहे, असं शाळेच्या शिपायाने सांगितलं होतं. त्या घराच्या दारात सत्तरीच्या एक बाई सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर विभूतीच्या पुसट रेघा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

वडील म्हणाले, "नमस्कार. आम्ही हदगावचे. ही माझी मुलगी. इथं शाळेवर लागलीय. खोली पाहिजे होती हिला."

बाईंनी सुपातून मान वर केली नाही. "हिला बोलता येत न्हाई का?"

"येतं की."

"मग तिला बोलू द्या. कोण गं तू?"

"मी यांची मुलगी," मी म्हणाले.

"ते त्यांनी सांगितलं. तू कोण?"

मी माझं नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, जीभ वळवून घेतल्यासारखं. मग सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "खोली हाय. पाणी दिवसाआड, दोन घागरी. ये आत."

या बाईंना सगळं गाव आक्का म्हणायचं. त्यांचं खरं नाव मी इथे देत नाही. त्यांची मुलं-सुना अजून त्याच घरात राहतात आणि त्यांना ते आवडणार नाही. आक्का मात्र याबद्दल मला चांगल्याच रागावल्या असत्या.

आक्कांकडे मी चार वर्षं राहिले. नाव न सांगणाऱ्या माणसाशी त्या बोलत नसत. दारावर भाजीवाली आली तरी आधी तिचं नाव विचारायच्या, मग मेथीचं. "पिंट्याची आई हाय का घरात?" अशी कुणी बाहेरून हाक मारली, तर धाकटी सून उठायला लागायची आणि आक्का तिचा पदर धरून तिला खाली बसवायच्या. "तुला बोलवून राहिले का ते? पिंट्याला बोलवून राहिले." लग्नपत्रिका आली की त्या लाल पेन्सिल घ्यायच्या. पत्रिकेत मुलीच्या आजोबांपासून धाकट्या चुलत्यापर्यंत सगळे असायचे आणि आई नसायची. आक्का वर आईचं नाव लिहायच्या आणि पत्रिका त्याच माणसाच्या हाती परत पाठवायच्या. "म्हणावं, ही राहून गेली." यावरून दोन घरांशी त्यांचं बोलणं कायमचं बंद झालं होतं. लग्नाला त्या तरीही जायच्या.

माझ्या खोलीत कोपऱ्यात दोन पोती होती. आक्कांच्या यजमानांची आडत होती, तेव्हा मी धान्य समजून आठ दिवस त्यांवर कपडे ठेवले. मग एकदा उंदीर दिसला म्हणून पोतं सोडलं, तर आत मतदारयाद्या. पहिल्या निवडणुकीपासूनच्या, ज्वारीला घालतात तसा कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेल्या. प्रत्येक पानावर लाल पेन्सिलीच्या खुणा. त्या कसल्या, हे मी विचारलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "ह्या बाया माझ्यासमोर बोलल्या."

ते प्रकरण मला तुकड्यातुकड्याने कळलं. काही त्यांच्याकडून, काही शेजारच्या म्हाताऱ्या बायकांकडून.

निजामाचं राज्य जाऊन नुकतीच कुठे पहिली निवडणूक यायची होती. यादी करणारा कारकून आडतीच्या दुकानात बसून आक्कांच्या यजमानांना विचारून गेला. घरात बायका किती? चार. त्याने चार ओळी लिहिल्या: अमक्याची आई, अमक्याची बायको, अमक्याची भावजय, अमक्याची सून. सगळ्या गावात त्याने असंच लिहिलं. मग वरून हुकूम आला की बाईचं स्वतःचं नाव नसलेली नोंद बाद. आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. हे त्यांनी यजमानांच्या तोंडून जेवताना ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावरून पदर घेऊन त्या चावडीवर गेल्या. चावडीवर सासरे बसलेले होते.

त्यांनी आपलं नाव सांगितलं. कारकुनाने दौतीत बोरू बुडवला आणि विचारलं, "शौहर का नाम?"

"तोंडातून शब्दच निघंना," आक्का मला सांगायच्या. "नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघून राहिली. मी तशीच माघारी आले."

रात्रभर त्या रडल्या असतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "रडायला वेळ कुठला? तालीम केली." पहाटे गोठ्यात जाऊन म्हशीसमोर त्यांनी नवऱ्याचं नाव घेऊन पाहिलं. म्हैस काही दचकली नाही. मग त्या पुन्हा चावडीवर गेल्या आणि सासऱ्यांच्या समोर, कारकुनाला नीट ऐकू जावं म्हणून, ते नाव तीनदा घेतलं.

सासूने चार महिने त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. त्याच पंधरवड्यात यजमानांना ताप भरला, तेव्हा तर सगळ्या घराने त्यांच्याकडे बोट दाखवलं. ताप उतरला. "पुढं तीस वर्षं जगले," आक्का म्हणायच्या. "रोज एकदा नाव घ्यायची मी. आयुष्य कमी होत असतं, तर मला कळलंच असतं."

पण मला आजही थक्क करते ती यापुढची गोष्ट. हिंमत दाखवणारी माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली. आपल्याला जमलं ते दुसऱ्याला का जमत नाही, म्हणून ती चिडतात. आक्का चिडल्या नाहीत. त्या घरोघर गेल्या तेव्हा बायका आपलं नाव कसंबसं सांगायच्या, पण नवऱ्याच्या नावाशी अडून बसायच्या. माझ्यासारखं करा, असं आक्का एकीलाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी बायकांना दोघी-दोघी समोरासमोर बसवलं. "तू हिच्या नवऱ्याचं सांग, ही तुझ्याचं सांगंल." शेजारणीच्या नवऱ्याचं नाव घ्यायला कुणाचीच हरकत नव्हती. गल्लीच्या गल्ली तासाभरात उरकली.

नाही म्हणायला एका तेल्याने भांडण काढलं. "माझी बायको अन् त्या भिकाऱ्या सुताराचं नाव घेती?"

आक्का म्हणाल्या, "मग तुमचं घेऊ द्या."

"माझं कसं घेईल?"

"मग सुताराचं राहू द्या."

कारकुनाबरोबर त्या आसपासच्या गावांतून हिंडल्या. पडद्यातल्या घरी त्या आत जाऊन बसायच्या, कारकून बाहेर ओट्यावर, आणि आतून बाहेर नावं जायची. मत कुणाला द्यायचं हे मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. उमेदवार त्यांच्या ओट्यावर येऊन चहा पिऊन जायचे आणि रिकाम्या हाताने परत जायचे.

मी आले त्या सुमाराला दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या. पाऊस लागोपाठ दगा देत होता आणि लातूर जिल्हा नवा झाला होता. आक्कांना दुसऱ्या गोष्टीचं कौतुक नव्हतं. "लग्न होऊन ह्या घरात आले तवा बीदर जिल्हा होता. मग उस्मानाबाद. आता लातूर. उंबरा न ओलांडता तीन जिल्ह्यांत नांदले मी."

मला मतदारयादी दुरुस्तीचं काम लागलं. गाव बसने अर्ध्या तासावर. काम मला मनापासून आवडलं. मी जात्याच व्यवस्थित. तीन रविवार घरोघर फिरले, रकाने आखले, नवी नावं निळ्या शाईत, वगळायची नावं वेगळ्या कागदावर. मूळ कागद तहसिलीत दिला आणि चौथ्या रविवारी संध्याकाळी त्याची नक्कल आक्कांना कौतुकाने दाखवली.

त्या कुठलीही यादी मोठ्याने वाचायच्या, किराण्याचीसुद्धा. हीही वाचली. सगळी एकतीस नावं. मग चष्मा काढला.

"ह्या एकतीस बाया मेल्या का?"

"नाही हो. गावात नाहीत. घरच्यांनी सांगितलं."

"घरच्यांनी म्हंजे कुणी?"

मी आठवून पाहिलं. दर घरी ओसरीवर कुणीतरी पुरुष बसलेला होता आणि मी त्यालाच विचारलं होतं. बाई कुठे? गेली. कुठे गेली? गेली कामाला, लांब. मी लिहिलं होतं: स्थलांतरित.

"त्या दुष्काळी कामावर हायत," आक्का म्हणाल्या. "पाझर तलावावर. तिथंच झोपड्या घालून राहत्यात, आठ-पंधरा दिवसाला घरी येत्यात. अन् ही गिरजा? हिच्यापुढं 'नांदायला गेली' असं लिवलंस तू. कुणी सांगितलं?"

"तिच्या भावाने."

मग आक्कांनी सांगितलं. गिरजाला नवऱ्याने दुसरी बायको आणून हाकललं होतं, त्याला सात वर्षं झाली. सासरच्या रेशनकार्डावरून तिचं नाव गेलं. भावाने आपल्या कार्डावर चढवलं नाही, कारण उद्या बहिणीने जमिनीत वाटा मागितला तर? ती गावाच्या कडेला खोपटात राहायची. मागच्या दुरुस्तीला आक्कांनी स्वतः तिचं नाव यादीत घातलं होतं, बापाच्या नावासह. "सरकारच्या दप्तरात ती हाय म्हणून सांगणारा तेवढा एकच कागद हाय. तो तू आता पुसून राहिलीस. लई सुबक पुसलास मात्र."

नावं पुन्हा घालायचे दावे द्यायला दोनच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पहिल्या बसने निघालो. फाट्यापासून तलाव दोन कोस. आक्कांचा एक गुडघा वाकत नसे. त्या पाय बाजूने फेकत चालायच्या आणि थांबूया का विचारलं की चिडायच्या. वाटेत एकही हिरवं पान दिसलं नाही. तलावाच्या खड्ड्यात दोनशे माणसं असतील. बायका घमेली डोक्यावर घेऊन बांध चढत होत्या.

मुकादम आडवा आला. "आज्जे, काम थांबवता येणार न्हाई. संध्याकाळी माप कमी भरलं तर ह्याच बाया माझ्या नावानं ओरडतील."

"बरोबर बोललास," आक्का म्हणाल्या. "न्हाई थांबवत."

त्या बांधाच्या पायथ्याशी गेल्या, पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि पहिल्या बाईला म्हणाल्या, "दे ते घमेलं. तू हिच्याजवळ बस, नाव सांग, अंगठा दे. तवर मी टाकून येते."

"आक्का, तुमी? न्हाई, न्हाई!"

"दे म्हणते ना. माप कमी पडंल."

सत्तरी ओलांडलेली ती बाई घमेलं घेऊन बांध चढली. वाकड्या पायाने, एका हाताने जमीन चाचपत. माती टाकून खाली आली. तोवर माझं एक नाव लिहून झालं होतं. मग दुसरं घमेलं. मुकादम पाहत होता. तिसऱ्या खेपेला त्याने तिच्या हातातलं घमेलं काढून घेतलं, स्वतः वर नेलं, आणि नंतर कुणाला काही न सांगता तोच ते करत राहिला. आक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचा श्वास ठिकाणावर यायला बराच वेळ लागला. मी पाणी पुढे केलं, तर म्हणाल्या, "लिही तू."

नवऱ्याच्या नावाशी गाडी अजूनही अडत होतीच. आक्कांनी दोघी-दोघींना बसवलं. इतक्या वर्षांनी तीच युक्ती, आणि तीच खसखस.

"हिच्या नवऱ्याचं नाव व्हय? मारुती. अन् अक्कल बी तशीच, उडाणटप्पू."

"तुझा मोठा शाणा! लिव्हा बाई, हिचा ग्यानोबा. नाव ग्यानोबा अन् सही येत न्हाई."

गिरजा शेवटी आली. काळीसावळी, उंच, हाताला चिंधी गुंडाळलेली. तिच्यासमोर बसलेली बाई तिच्या नवऱ्याचं नाव सांगायला तोंड उघडते तोच गिरजाने तिच्या तोंडावर हात ठेवला. "त्या मुडद्याचं नाव घिऊ नको. बाई, बापाचं लिव्हा. सटवा."

मी लिहिलं. मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमीच माझं नाव काढलं व्हय?"

"हो."

"मला इचारलं न्हाई?"

मी अंगठ्याची शाई तिच्यापुढे सरकवली. आक्का दुसरीकडे बघत होत्या. मला सोडवायला त्या आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या दिवशी, आम्ही तहसिलीत गेलो. तिथे नव्या जिल्ह्याचा गोंधळ उडालेला. जुनी दप्तरं, नवे शिक्के, कुठला कागद कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. कारकून म्हणाला, "हे छापील फॉर्म जुन्या जिल्ह्याचे आहेत. चालणार नाहीत."

"खोडून नवं लिव्हा की," आक्का म्हणाल्या. "तुमचा जिल्हा सासरी आलाय. नाव बदलायचंच."

आजूबाजूचे हसले. कारकूनही हसला आणि शिक्का मारत सुटला. गिरजाच्या फॉर्मवर त्याचा हात थांबला. "हिच्या भावाचं सांगणं तुम्हीच लिहून दिलंय, बाई, तुमच्याच सहीने. ती इथे राहत नाही म्हणून. आता राहते म्हणता. दोन्हींतलं एक खोटं. तुम्ही लिहून द्या कुठलं ते. पण वर गेलं तर खुलासा मागतील. नोकरी नवी आहे तुमची."

मी आक्कांकडे पाहिलं. त्या भिंतीवरचा नव्या जिल्ह्याचा नकाशा वाचत होत्या, एकेक गाव, ओठ हलवत. काही सुचवलं असतं, तर मला ते सोपं गेलं असतं. मी कागद घेतला आणि लिहिलं: माझी पूर्वीची नोंद चुकीची आहे. नोंद करताना मी सदर बाईस समक्ष भेटले नव्हते. खाली सही केली. खुलासा खरंच मागितला गेला. मी तो दिला. सेवापुस्तकात त्याची एक ओळ आहे आणि ती तिथे आहे याचं मला आता काही वाटत नाही.

मतदानाच्या दिवशी आक्कांनी उदगीरला पहिल्या तासात मत टाकलं आणि मला म्हणाल्या, "चल." मला केंद्रावर नेमणूक नव्हती. आम्ही त्या गावी पोचलो तेव्हा शाळेसमोर बायकांची रांग होती आणि तेवढ्यात टँकर आला. चार दिवसांनी आलेला टँकर. रांग मोडली. बायका घराकडे धावल्या. पाच मिनिटांत विहिरीजवळ घागरींची रांग लागली, शाळेसमोर चिटपाखरू उरलं नाही.

गिरजा आपली घागर ठेवून तिथेच घुटमळत होती. एकदा घागरीकडे, एकदा शाळेकडे. मतदान संपायला वेळ होता, पण टँकर गेल्यावर घरी पाणी, चूल, आणि मग लांबच्या कामावर परतायची गाडी. आता गेली नाही, तर जाणं व्हायचं नव्हतं.

आक्का विहिरीकडे गेल्या. "जावा तुमी सगळ्या. घागरी मी सरकवते पुढं."

"भरल्याली बाजूला कोण काढंल?"

"ही काढंल," आक्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. पहिली निघाली ती गिरजा. तिच्यामागे सगळ्या.

आम्ही घागरी सरकवत होतो. शाळेची खिडकी विहिरीकडेच होती आणि आतला अधिकारी उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं म्हणून नावं मोठ्याने वाचत होता. दुपारच्या उन्हात ती एकामागून एक बाहेर येत होती. आक्का घागरीवर हात ठेवून प्रत्येक नावाला थांबायच्या. मग आवाज आला, "गिरजा सटवा." त्यावर एक पुरुषी आवाज काहीतरी बोलला. तो तिचा भाऊ होता, प्रतिनिधी म्हणून आत बसलेला. अधिकारी म्हणाला, "यादीत नाव आहे. खाली बसा." आणि मग गिरजाचा, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज: "हाव. मीच ती."

आक्कांनी घागर पुढे सरकवलीच नाही. दोन्ही हात तिच्यावर ठेवून त्या उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी आपली घागर हळूच पुढे घुसवली, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

गिरजा बाहेर आली. बोटावर शाई, चालणं भरभर. मला वाटलं, आता ती आक्कांच्या पाया पडेल. ती थेट टँकरच्या नळापाशी गेली, रांग पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"आक्का! एवढं बी ध्यान न्हाई का तुमचं? सरपंचाच्या सुनंची घागर माझ्या म्होरं गेली की! दोन मिन्टं राखायला सांगितलं, तर ते बी जमंना!"

तिने ती घागर उचलून मागे ठेवली, आपली नळाखाली सारली, भरली, डोक्यावर घेतली आणि निघून गेली. एकदाही वळून पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये आक्का खिडकीशी बसल्या होत्या. पदर भिजलेला, गुडघा सुजलेला. उदगीरचा किल्ला दिसायला लागेपर्यंत त्या एकच गोष्ट हसत-हसत पुन्हा पुन्हा सांगत होत्या, मला, मग कंडक्टरला, मग पुढच्या बाकावर बसलेल्या अनोळखी बाईला, आधी तिचं नाव विचारून.

"कशी वरडली बघ मला. सगळ्यांच्या देखत. कशी वरडली!"